चालत आलेले पाणी

मी बीडला चाललो आहे असे घरात सांगितले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "तिथे पाहण्यासारखे काय आहे?"

हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नव्हता. कोकणात जातो म्हटले की शेजारी आंब्याची पेटी सांगतात. कोल्हापूर म्हटले की चपलेचे माप देतात. नागपूर म्हटले की संत्र्यांची आठवण निघते. बीडला जातो म्हटले की मात्र ऐकणाराचा चेहरा उगाच गंभीर होतो आणि तो हळू आवाजात विचारतो, "काही काम निघाले वाटते?" दुष्काळ आणि ऊसतोड या दोन शब्दांपलीकडे पुण्यामुंबईच्या माणसाला बीडची ओळख नसते. मी त्यातून स्वतःला वगळीत नाही. वीस वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या लेखी बीड जिल्हा म्हणजे अंबाजोगाई, आणि अंबाजोगाई म्हणजे शके १११० मध्ये 'विवेकसिंधु' लिहिणारे मुकुंदराज आणि चाळीस फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहिणारे दासोपंत. त्या गावी मी दोनदा जाऊन आलो होतो. बीड शहर मात्र माझ्यासाठी एस. टी. चे स्टँड, तिथला चहा आणि तिथून पुढे आक्काच्या खेड्याला जाणारी गाडी एवढ्यापुरतेच होते.

या वेळी बोलावणे आक्काचेच होते. दोन वर्षांपूर्वीच्या माघात, महाशिवरात्रीच्या थोडे आधी, तिचा फोन आला. आक्का फोनवर कधी रडत नाही. त्या दिवशीही रडली नाही. म्हणाली, "तू दोन दिवस ये. ह्यांनी तिसरं बोअर घ्यायचं ठरवलंय. माझ्या पाटल्या मागायलेत. पाटल्यांचं मला काही नाही रे, पण दोन बोअर कोरडे गेलेत. तुझं ते ऐकतात. तू प्रोफेसर आहेस."

मराठीच्या प्रोफेसराला पाण्यातले काय कळते, असे म्हणणार होतो. पण थोरल्या बहिणीशी असे बोलण्याची आमच्या घरची पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत बसलो.

पुण्याहून नगर, कडा, आष्टी, जामखेड असे करीत गाडी मांजरसुंब्याला येते आणि तिथून बालाघाटाचा डोंगर उतरून बीडच्या सखल भागात शिरते. डाव्याउजव्या बाजूंना उघडे माळ, त्यांवर सीताफळीची खुरटी झाडे, मध्येच ज्वारीचे उभे रान. घाट संपला की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव दिसतो. हीच नदी पुढे बीड गावातून वाहते आणि सिंदफणेला मिळून गोदावरीकडे जाते. तलाव मागे पडला आणि मी पिशवी आवरायला लागलो. त्या पाच-सहा किलोमीटरांच्या टापूत, रस्त्याच्या अगदी शेजारी, मला पुढचे दोन दिवस पुरणार असलेली वस्तू होती. पण आजवर पाच-सहा वेळा तिच्यावरून गेलो तरी मला ते कुणी सांगितले नव्हते आणि मीही कधी विचारले नव्हते.

बीड या नावाविषयी मात्र मला पूर्वीपासून कुतूहल होते. गाव डोंगराच्या पायथ्याशी खळग्यात वसले आहे, म्हणून बिळावरून बीड, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. दुसरी अशी की, इथे थोड्याच खोलीवर पाणी लागलेले पाहून एका राजाने गावाला 'बीर' नाव दिले. अरबीत विहिरीला बीर म्हणतात. कुणी हा राजा म्हणजे मुहम्मद तुघलक असे सांगतात. चौदाव्या शतकात या सुलतानाचा एक दुखरा दात बीडजवळ पडला आणि त्या दातावर त्याने थडगे बांधले, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे, आणि ते थडगे आजही दाखवतात. दातासाठी थडगे बांधणाऱ्या माणसाने विहिरीवरून गावाचे नाव ठेवले असेल तर नवल नाही. भाषाशास्त्री यांतले काय ग्राह्य धरतील ते धरोत. मला मौज वाटली ती अशी की, मराठी घ्या की अरबी, गावाच्या नावात जमिनीतले भोक आहेच.

आक्काच्या घरी पोचलो तो दाजी अंगणात बसले होते. चहा झाला, पुण्याची ख्यालीखुशाली झाली. मग ते स्वतःच म्हणाले, "तुम्हाला कशाला बोलावलंय ते मला ठाऊक आहे. आधी चला, बाग बघा. मग काय बोलायचं ते बोला."

बाग म्हणजे तीन एकर मोसंबी, आठ वर्षांची. झाडे चांगली डेरेदार होती, पण पाने दुपारच्या उन्हात कडेने वळली होती. दाजींनी एक पान तोडून माझ्या हातावर ठेवले. पोराच्या अंगाला हात लावून ताप पाहावा तसे ते बोटांनी दाबीत म्हणाले, "चैत्रापर्यंत पाणी मिळालं नाही तर ही जातील. आठ वर्षं. झाड मरताना आवाज करत नाही हो, त्याच्यामुळं कुणाला काही वाटत नाही." मी पाटल्यांचे बोलायला आलो होतो. ते शब्द घशातच राहिले.

पहिले बोअर तीनशे फूट, दुसरे चारशे ऐंशी. दोन्ही वेळा पाणाड्या आला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून फिरला आणि जिथे नारळ उभा राहिला तिथे त्याने चुन्याची खूण केली. दोन्ही वेळा बोअरची गाडी रात्री आली, कारण दिवसा तिला दुसरीकडे काम होते. दोन्ही वेळा सगळे घर, आक्कासुद्धा, अंगावर पांघरूण घेऊन बांधावर बसले. फुटावर भाव. यंत्र जितके खाली जाते तितके पैसे वर येत नाहीत, खालीच जातात. आधी तांबडा फुफाटा उडाला, मग काळा, मग राखेसारखा पांढुरका. धूळ ओली होण्याची वाट पाहत पहाट झाली. गाडीवाल्याने विचारले, "अजून शंभर घालू का?" दाजी सांगताना थांबले आणि मग म्हणाले, "त्या टायमाला माणूस नाही म्हणू शकत नाही."

आमच्याकडचा खडक म्हणजे काळा बेसाल्ट, ज्वालामुखीच्या रसाचे एकावर एक निजलेले थर. हा कातळ वाळूसारखे पाणी पोटात धरीत नाही. पाणी असते ते वरच्या झिजलेल्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेग सापडली तर पाणी, नाही तर धूळ. खाली जावे तशा भेगा कमी होत जातात आणि मिटत जातात. जे पाणी सापडते तेही फार जुने मुरलेले असते. एकदा उपसले की त्या जागी दुसरे लवकर येत नाही. महाराष्ट्राच्या २००९ सालच्या भूजल कायद्याने अधिसूचित भागात साठ मीटरहून खोल विहिरींना बंदी घातली आहे, ती याच कारणाने. दाजींना हे सारे माहीत होते. ज्याची झाडे वाळत आहेत त्याला कायदा सांगणे आणि उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगणे यांत फारसे अंतर नाही, म्हणून मी तो विषय काढला नाही.

संध्याकाळी आक्काच्या गल्लीतल्या हापशाशी उभा होतो. तिथे अजून पाणी होते, पण वीस-पंचवीस दणके दिल्यावर पहिली धार यायची. हापसा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, आणि म्हणूनच तो कुणी पाहत नाही. एके काळी हातपंप ओतीव लोखंडाचे असत, घरच्या आडावरचे, पाणी चोखून वर घेणारे. पण चोखून घेण्याला मर्यादा आहे. हवेचा दाब पाण्याला फार तर तेहतीस-चौतीस फूट उंच ढकलू शकतो. सतराव्या शतकात इटलीत पंप करणाऱ्यांना हा अनुभव आला आणि तोरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास त्याचे कारण दाखवले. शंभर फुटांवरचे पाणी हवे तर पंपाचा दट्ट्याच पाण्यात खाली न्यावा लागतो आणि वरून लांब सळीने ओढावा लागतो. ही सळी दांड्याला नीट जोडली नाही तर ती वाकडी ओढली जाते, कडांना घासते आणि मोडते. एकेका गावात शंभर-शंभर माणसे दिवसभर दांडा मारणार म्हटल्यावर जुने पंप महिन्या-दोन महिन्यांत बंद पडत. यावरचा तोडगा निघाला तो आमच्या शेजारी सोलापुरात. तिथे मिशनच्या कामासाठी आलेल्या ऑस्कर कार्लसन नावाच्या स्वीडिश माणसाने दांड्याला एकच पोलादी आस दिला आणि सळी सायकलसारख्या साखळीला टांगली. साखळी गोल माथ्यावरून वळते, त्यामुळे सळी नेहमी सरळच ओढली जाते. याच 'सोलापूर पंपा'वरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या साह्याने 'इंडिया मार्क २' तयार झाला, आणि तो पुढे साऱ्या देशात आणि आफ्रिकेतही गेला. बाया पाण्याला जातात आणि हापशाचा टकटक आवाज येतो, त्या आवाजाचे जन्मगाव बीडपासून फार लांब नाही.

परंतु मोट असो, हापसा असो की पाण्यात बुडवलेली विजेची मोटर असो, सगळ्यांचा मूळ विचार एकच आहे. पाणी खाली आहे, ते वर ओढायचे. ओढणारा बदलत गेला: आधी बैल, मग बाई, मग वीज. आणि ओढणारा जितका जोरकस, तितके पाणी खाली पळत गेले.

रात्री जेवताना भाच्याने विचारले, "मामा, तुम्ही खजाना बावडी पाहिली का?" तो बीडला कॉलेजात शिकतो. मी नाही म्हणालो तर त्याला माझी कीव आली. "तुम्ही येता त्याच रोडला आहे. गावापासून सहा किलोमीटर. उद्या जाऊ. बाबांनाही नेऊ." दाजी म्हणाले, "पाहिलीय मी. लहानपणी शाळेच्या सहलीत." पण सकाळी ते गाडीत येऊन बसले. बहुधा मेहुण्याचे मन राखायला.

रस्त्यावरून पाहिले तर विहीर दिसतच नाही. जवळ गेल्यावर जमीन एकाएकी उघडते आणि मोठी गोल विहीर समोर येते. घडीव दगडाचे काम, आत उतरायला पायऱ्या, पाण्याभोवती फिरता येईल असा कट्टा आणि कमानी. फार खोल नाही. गुजरातेतल्या पायविहिरींतले मजल्यामागून मजले आणि कोरीव खांब मनात धरून कुणी आला तर तो निराश होईल. इथे कोरीव असे काही नाही. दगडाला दगड बसवला आहे आणि तो चारशे वर्षे हललेला नाही, इतकेच. खाली उतरताना उन्हाची तिरीप मागे राहिली आणि गारवा अंगाला लागला. पारव्यांचे पंख फडफडले. पाणी काळसर, संथ.

ही विहीर अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने बांधून घेतली. साल कुणी १५७२ सांगतात, कुणी हिजरी ९९१, म्हणजे १५८३. बांधणाऱ्या कारागिराचे नाव राजा भास्कर. नावाची उपपत्ती गावात निरनिराळी ऐकू येते. एक जण म्हणाला, बांधता बांधता जहागिरीचा खजिना संपला. दुसरा म्हणाला, तळाशी खजिना आहे. विहीर कधीच आटत नाही आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात पाण्याची पातळी तीच राहते, हे मात्र सगळे एकमुखाने सांगतात. मी ती एकदाच पाहिली, तेव्हा त्याची शपथ मी घेणार नाही. पण असे का व्हावे याचा विचार करायला हरकत नव्हती.

भाच्याने बोट दाखवले. विहिरीच्या पोटात तीन बोगद्यांची तोंडे आहेत. दोन बोगद्यांतून पाणी विहिरीत येते आणि तिसऱ्यातून ते उत्तरेकडे, गावाच्या दिशेने बाहेर जाते. तिकडच्या बलगुजार म्हणतात त्या भागातल्या ५२८ एकर जमिनीला या पाण्याचे सिंचन होई, असे सांगतात. बैल नाही, मोट नाही, दोर नाही. विहीर आहे, पण तिच्यातून कुणी पाणी काढायचे नाही. ते आपले आपण चालत जाते.

मी अर्थातच मास्तरी सुरू केली. म्हटले, ही कल्पना मूळची इराणची. तिथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात, आणि ती दोन-अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाणी मुरते तिथे, जमिनीखालून आडवा बोगदा खणायचा. त्याला उतार द्यायचा तो इतका हलका की, पाणी वाहिले पाहिजे पण तळ खरवडला जाता कामा नये. वरची जमीन मात्र जास्त उताराची असते. समजा, विहीर पंधरा हात खोल आहे. जमीन शंभर हातांमागे एक हात उतरते आणि बोगदा हजार हातांमागे एक. तर साधारण सोळा-सतराशे हातांवर बोगद्याचा तळ आणि जमीन एकमेकांना भेटतात, आणि पाणी उजेडात येऊन पाटाने शेतात शिरते. ते वर चढलेलेच नसते, जमीनच खाली उतरून त्याच्यापाशी आलेली असते.

सांगायला सोपे आहे. पण जमिनीच्या पोटात, दिव्याच्या उजेडात, हजार हातांमागे एक हात हा उतार सांभाळायचा कसा? वाटेवर ठराविक अंतराने वरून उभी विवरे खणतात. त्यांतून माती-दगड बाहेर काढायचा, हवा आत सोडायची आणि पुढे गाळ उपसायला माणूस उतरवायचा. खजाना विहिरीच्या बोगद्यांवरही अशी विवरे ठिकठिकाणी आहेत. पुण्यात कात्रजहून शहरात येणारा पेशव्यांचा नळ आहे, त्याच्या अशा विवरांना उच्छ्वास म्हणतात. साध्या बोलीत उसासे. जमिनीने टाकलेले उसासे! आणि पातळी पाहायची ती पाण्यानेच, कारण पाण्याइतका सपाट पृष्ठभाग दुसऱ्या कशाचा नसतो. आपले गवंडी पातळी पाहण्याच्या साधनाला 'पाणसळ' म्हणतात, त्या शब्दात ही युक्ती अजून जिवंत आहे. अकराव्या शतकात करजी नावाच्या गणितज्ञाने जमिनीतले लपलेले पाणी बाहेर कसे आणावे यावर अख्खा ग्रंथ लिहिला आणि त्यात पातळी मोजण्याच्या रीती दिल्या. तीच विद्या हातोहात, गवंड्याकडून गवंड्याकडे, बिदरला आली. निजामशाहीत तिचे चांगले बस्तान बसले. अहमदनगरला खापरी नळांनी पाणी फिरले, आणि मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, तिथे नहर-ए-अंबरी आणली. तिथली पाणचक्की पाहायला सहली जातात. पण बीडची ही विहीर मलिक अंबरच्या नहरीहून एक पिढी जुनी आहे.

माझे व्याख्यान चालू असताना दाजी उकिडवे बसून बाहेर जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाकडे पाहत होते. अध्यापकाला वर्गात कोण ऐकतो आणि कोण नुसता बसला आहे हे कळते. हे ऐकत नव्हते. ते काहीतरी मोजत होते.

"आपल्या हौदाला वरच्या अंगाला भोक असतं," ते एकदम म्हणाले, "तसं आहे हे."

"कसं?"

"हौद भरत आला की जादा पाणी त्या भोकानं जातं. हौद काठोकाठ कधी भरत नाही. येणारं पाणी लई असलं तर जाणारं बी लई, येणारं कमी झालं तर जाणारं बी कमी. हौदातलं पाणी तिथंच दिसतं, भोकाच्या बराबरीला. लोक इथं पाणी बघत्यात आणि म्हणत्यात, आटत नाही. आटतंय ते तिकडं, पाटात. पातळी हितं बघून काय उपयोग?"

मी गप्प राहिलो. ग्रंथ मी वाचले होते, पण हे मला कुठल्या ग्रंथात मिळाले नव्हते. पातळी न हलण्यात चमत्कार नव्हता. बाहेर जाणारे तोंड किती उंचीवर ठेवायचे हे राजा भास्कराने ठरवले, त्यातच सगळे होते. तोंड खाली ठेवले असते तर पहिल्या दोन वर्षांत शेते भिजली असती आणि विहीर रिकामी झाली असती. वर ठेवले असते तर पाणी निघालेच नसते. त्याने जमीन जेवढे सोडील तेवढेच घ्यायचे ठरवले.

"व्याजावर चालणारी विहीर आहे," दाजी म्हणाले. "मुद्दलाला हात लावायची सोयच ठेवली नाही." मग थोडे थांबून, "पण आजूबाजूला बोअर पडले तर?"

या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. बोगदा पाण्याच्या मागे खाली जाऊ शकत नाही. बोअर जाऊ शकते. भोवतालचे पाणी बोगद्याच्या खाली उतरले, की चारशे वर्षांचे हे काम दगडासारखा दगड होऊन राहील. त्याचा एक चिराही न हलता.

पायऱ्या चढताना माझ्या मनात एक वेगळाच हिशेब चालू होता. दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५. म्हणजे इथे बोगद्यांत टिकाव चालत होते त्या सुमारास दासोपंत विशी-तिशीत होते. पुढे त्यांनी अंबाजोगाईला गीतेवर सव्वा लाख ओव्यांचे भाष्य लिहिले. त्यांच्या पासोडीवर मी विद्यार्थ्यांना दोन तास सांगू शकतो. राजा भास्कराविषयी मला त्याच्या नावापुढे एक वाक्य सांगता येत नाही. तो कुठला, कुणाकडे शिकला, त्याला 'राजा' ही पदवी कुणी दिली? आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात गवंडी येत नाहीत. त्यात कुणाची चूक आहे असे नाही. पण वीस वर्षे इतिहास शिकवूनही हे माझ्या लक्षात आले नव्हते, याची त्या पायऱ्यांवर थोडी लाज वाटली.

बीडात कंकालेश्वराला जाऊन आलो. तेही देऊळ पाण्याच्या कुंडातच उभे आहे. भाच्याला भेळ हवी होती, ती झाली. दाजी वाटेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर चपलाही न काढता ते सरळ रानाकडे गेले. आक्काने माझ्याकडे पाहिले. मी खांदे उडवले.

तासाभराने भाचा बोलवायला आला. बागेच्या वरच्या अंगाला एक जुनी विहीर होती, दाजींच्या आजोबांच्या वेळची, मोटेची. थारोळ्याचे दगड अजून शाबूत होते. बैल ज्या उतारावरून खाली चालत जायचे ती धाव गवताने भरली होती. नाडा आणि सोल एकाच वेळी ओढले जात, सोंड वर येई आणि पाणी थारोळ्यात ओतले जाई, हे दाजींनी लहानपणी पाहिले होते. मग इंजिन आले, मग वीज, मग बोअर आले आणि विहीर कचऱ्याची धनीण झाली. आत बाभळीच्या फांद्या, प्लास्टिक, एक मोडका खाट. तळाशी ओल होती.

"ह्याच्यात आडवं बोअर मारायचं," दाजी म्हणाले. "चारी बाजूला. मुरूम आणि कातळाचा सांधा जिथं आहे तिथं. खाली जायचंच नाही."

आडवे बोअर ही काही नवी गोष्ट नव्हे. आमच्याकडे विहिरीच्या पोटातून आडवी भोके पाडून झरे मोकळे करण्याची रीत शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पण ती भोके म्हणजे राजा भास्कराच्या दोन बोगद्यांची लहान लहान पोरे आहेत, हे मला दाजींच्या तोंडून कळले.

"तीन एकर भागेल का त्याच्यावर?" आक्काने विचारले. ती माझ्या मागे येऊन उभी होती.

दाजींनी लगेच उत्तर दिले नाही. ते खाली वाकून एक खडा विहिरीत टाकून ऐकत राहिले. खडा चिखलात पडला. "नाही भागायचं," ते म्हणाले. "दीड एकर भागेल. दीड सोडावं लागेल."

आठ वर्षांच्या झाडांतली कुठली दीड एकर ठेवायची आणि कुठली सोडायची, हे ठरवायला त्यांना त्या रात्री झोप लागली नाही. मी सकाळच्या गाडीने निघालो. माझ्या हातून तिथे काय झाले हे मला सांगता येणार नाही. मी एक व्याख्यान दिले, आणि ज्यांच्यासाठी दिले त्यांनी ते ऐकले नाही, इतकेच.

विहीर साफ व्हायला महिना लागला. चैत्रात आडवी बोअरे पडली. चारांतली दोन लागली. सोडलेल्या दीड एकरातली मोसंबी पाडव्यानंतर तोडली आणि पावसाळ्यात तिथे सीताफळी लावली, कारण बालाघाटाच्या माळावर ती कुणी पाणी न घालताच येते. भाऊबीजेला आक्का पुण्याला आली, तेव्हा तिने ओवाळताना हात पुढे केले आणि आमच्या सौभाग्यवतींनी माझ्याआधी तिच्या मनगटाकडे पाहिले. पाटल्या होत्या. त्यांतली एक मात्र थोडी सैल झाली होती. आक्का वाळली होती.

परवा वैशाखात भाच्याचा फोन आला. विहिरीत कंबरभर पाणी आहे, म्हणाला; रात्री उपसले की सकाळी तेवढे येते. दाजींनी आतून दगडावर चुन्याची रेघ मारली आहे, तिच्या खाली पाणी गेले की मोटर बंद. घरात कुणाला त्या रेघेला हात लावायची परवानगी नाही.

"पण मामा," तो म्हणाला, "वरच्या बांधाला शेजारच्यांची बोअरची गाडी लागलीय. सहाशे फूट म्हणतायत." तो बोलत होता आणि त्याच्या मागून मला ते यंत्र चालू असल्याचा आवाज येत होता. "बाबा बांधावर जाऊन बसलेत. काही बोलत नाहीत. नुसते धुळीचा रंग बघतायत."